दोन टकटकींची जागा

"वहिनी, आधी मशीन थांबवा! आज दुपारी आपलं गाणं रेडिओवर लागतंय. इंग्लिशमध्ये!"

दीर दुकानाच्या दारातच उभा होता. हॉटेलात गाणारा माणूस, त्यामुळे साधी गोष्टही समोर शंभर माणसं बसल्यासारखी सांगायचा. कपडे दुरुस्तीच्या त्या दुकानात मात्र तिघीच होत्या, वहिनी आणि काजं-बटणं करणाऱ्या दोन मुली. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

"आणि मधली जागा?" वहिनींनी विचारलं.

"कंपनीवाले म्हणतात, एवढी शांतता रेडिओवर चालत नाही, लोकांना वाटतं रेडिओ बिघडला. पण भांडलोय मी. आता बघू." त्याने नजर चुकवली आणि काढता पाय घेतला.

गाणं मुळात वहिनींचं, त्यांच्या लेकीला, छकुलीला झोपवायचं. आजारात पोरीचा आवाज गेला, तेव्हा वहिनी एक ओळ म्हणून थांबायच्या आणि छकुली पलंगाच्या कडेवर बोटाने दोनदा टकटक करायची. आहे मी, पुढे म्हण. ती गेल्यावर दिराने गाणं मागितलं, तेव्हा वहिनींनी एकच अट घातली, ती जागा रिकामी ठेवायची. त्याने शब्द पाळला. गाणं हॉटेलात चाललं, शहरभर झालं, आणि सुट्टीवर आलेल्या एका परदेशी रेकॉर्ड कंपनीवाल्याच्या मनात भरलं. तिकडच्या गीतकाराला यांच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याला नुसती चाल पाठवली, दिराने 'ला ला' करून म्हटलेली. तिच्यावर त्याने प्रेयसी सोडून गेल्याचं गाणं बेतलं. त्याचं वहिनींना वाईट वाटलं नव्हतं. जुना कपडा उसवून दुसऱ्याच्या मापाचा करणं हे तर त्यांचं रोजचंच काम. जीव अडकला होता तो त्या जागेत.

दुपारपर्यंत त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सुई मोडली. पाणी प्यायला उठल्या आणि न पिताच परतल्या. रेडिओचा आवाज वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. एका गिऱ्हाइकाच्या कोटाची डावी बाही चक्क उजवीकडे लावून बसल्या.

"काकू, बसा बघू स्वस्थ. गाणं काय पळून जातंय?" धाकटी म्हणाली.

मग ते लागलं. आधी पियानो, मग व्हायोलिनं, मग कुणा बाईचा मखमली आवाज. चाल तीच. वहिनींच्या अंगावर काटा आला. पहिली ओळ संपली आणि त्यांनी श्वास रोखला.

"बेबी, बेबी, स्टे!" मागच्या गायिका एका सुरात गायल्या.

छकुलीची जागा भरून टाकली होती. मुलींना मात्र नेमकं तेच आवडलं. दुसऱ्या ओळीनंतर दोघीही रेडिओबरोबर ओरडल्या, "बेबी, बेबी, स्टे!" रागवायचं तरी कुणावर? पोरी आनंदात होत्या, आणि उद्या सगळं जग असंच ओरडणार होतं.

तिसरी ओळ संपली. वहिनींनी बोटावरची अंगुस्तानाची पितळी टोपी मशीनच्या लाकडावर आपटली. टक, टक. त्या गलक्यात ते जेमतेम ऐकू आलं. चौथ्या ओळीनंतर पुन्हा, जरा जोरात.

"काकू, ताल काय मस्त धरलात हो!"

"हो का?" वहिनी म्हणाल्या.

शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी एकही जागा चुकू दिली नाही. मग डोळे पुसले, कोट मांडीवर ओढला आणि उलट्या बाहीचे टाके उसवायला घेतले.