माशीवर बोलणारी पोरगी

साहेब, ज्योत्स्नाचं भाषण तुम्ही ऐकलंच नाही. नुसतं विषयाचं नाव वाचलं आणि तिला बाद केलं.

२०११ सालची दिवाळी होऊन गेली होती. पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी अमरावतीत निवड होती. दर्यापूरची ही पोरगी, प्राणिशास्त्र शिकणारी, विषय घेऊन आली: जंतू शिरल्याचं शरीराला कळतं कसं, आणि हे माणसानं शोधलं कसं. नुकतंच त्या शोधाला नोबेल मिळालं होतं. तुम्ही म्हणालात, वऱ्हाडातून पुण्याला जायचं तर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर बोल, सभागृह रडेल.

"मले कोनाले रडवाचं नाई, सर," ती म्हणाली. तुम्ही पुढचं नाव पुकारलं.

परतीच्या जीपमध्ये माणसं कोंबून भरलेली, त्यात मीही. ड्रायव्हर शाहनवाजनं आरशातून विचारलं, तोंड काहून पाडलं? तिनं सांगितलं.

"मंग इथंच होऊ दे," तो म्हणाला. "आमी काय तिकीट लावून राहिलो?"

मग ती बोलली, घरच्या भाषेत. टोल नावाचं एक जनुक. अंड्यातल्या माशीची पाठ कुठं, पोट कुठं, हे ते ठरवतं, एवढंच आधी माहीत होतं. फ्रान्समध्ये ते जनुक बिघडलेल्या माशांवर बुरशी चढली आणि माशा मेल्या. म्हणजे राखणही तेच करत होतं. पुढं माणसातही त्याचा भाऊबंद सापडला. मग अमेरिकेतले उंदीर. जंतूचं विष टोचलं तरी मजेत, ना ताप ना थरथर. पण खरे जंतू सोडले की तेच आधी मरत. विष ओळखणारा रिसेप्टर, म्हणजे तोच भाऊबंद, पेशीवरचा पहारेकरी, त्यांच्यात मोडलेला होता.

"हे कोनी शिकवत नाई. जल्मताच येते. तुमच्यात, माह्यात, मंत्र्यात सारखंच."

"मंत्र्याचा मोडेल असन," मागून कोणीतरी बोललं. सगळी जीप हसली.

दर्यापूर आलं. कोणी उतरेना. कोपऱ्यात मनकर्णाबाई होती. तिचा पोरगा गेला तेव्हा कॅमेरेवाले दारात येऊन गेले होते.

"आमच्यावर रडाले लय आले, बाई," ती म्हणाली. "आमाले काई सांगाले तूच आली. पुरं कर."

ज्योत्स्नानं पुरं केलं. घराकडं गेली ती ताठ मानेनं.

पुढच्या निवडीला ज्योत्स्ना याच विषयावर येणार आहे, साहेब. या खेपेला ऐकणार आहात की नाही? उत्तर द्या.