वहिनी, लिलाववाला आणि टाकीचा तडा

आमच्या थोरल्या वहिनीने जन्मात विनोद केला नव्हता. ती पाणीखात्यात इंजिनिअर. शहरातला एकेक व्हॉल्व्ह तिला बघून आपणहून अर्धा वळायचा, एवढा तिचा दरारा. तक्रार कसलीही असो, तिच्या खात्याच्या रिवाजाप्रमाणे ती तीनच गोष्टी सांगायची: कारण, उपाय, जबाबदार कोण.

मोठ्या टाकीला तडा गेलाय हे तिनेच शोधलं. आठ दिवस पाणी बंद ठेवून दुरुस्ती केली नाही, तर टाकी एक दिवस खालच्या वस्तीच्या उरावर बसणार. नगराध्यक्षाला तिने अकरा पत्रं लिहिली. हा गृहस्थ मूळचा लिलाववाला, भोकं पडलेली छत्री 'हवेशीर' म्हणून चढ्या भावात खपवणारा. त्याने अकरा पत्रांवर अकरा विनोद केले आणि लोक पोट धरधरून घरी गेले. मग वहिनीच त्याच्याविरुद्ध निवडणुकीला उभी राहिली.

टीव्हीवर दोघांची समोरासमोर चर्चा ठरली. दादाचं केस कापायचं दुकान, त्यामुळे माणसं कशाला भुलतात हे त्याला पाठ.

"अगं, तडा राहू दे बाजूला," तो म्हणाला. "लोक मत देतात ते आवडलेल्या तोंडाला. एखादा विनोद पाठ कर."

दुकानात पंधरवडाभर तालीम चालली. त्या नादात दादाने एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली. उरलेली अर्धी त्याला इतकी शोभली, की त्याचं लग्न जमलं.

चर्चेच्या दिवशी फायली घेऊन मी स्टुडिओत मागे उभा होतो. वहिनीने घसा साफ केला. "एक माणूस न्हाव्याला म्हणाला, माझे केस वडिलांसारखे काप. न्हाव्याने त्याचं डोकं सफाचट केलं."

कुणी हसलं नाही. वहिनीने चष्मा सारखा केला.

"कारण, वडिलांना टक्कल होतं. उपाय, मागणी लेखी घ्यावी. जबाबदार, गिऱ्हाईक."

कॅमेरावाला आधी फुटला, मग सगळा स्टुडिओ. लिलाववाल्याने घाईने डाव मारला, "बाईंना जिथे तिथे तडेच दिसतात. नवऱ्याच्या दुकानातल्या आरशातसुद्धा."

"आरशाला आहेच तडा," वहिनी म्हणाली. "डाव्या कोपऱ्यात, बोटभर. मी ह्यांना दोनदा सांगितलंय."

शहर असं हसलं, की चार घरांची कौलं सरकली. अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा उठून शेजारी सांगायला गेला.

वहिनी प्रचंड मतांनी निवडून आली. रांगेतल्या एका बाईंना मी विचारलं होतं, "मत कुणाला?"

"आरशावाल्या बाईला."

"टाकीसाठी ना?"

"कुठली टाकी?"

पुढचं संकट त्यातच होतं. वहिनीने टीव्हीवर सांगितलं, "सोमवारपासून आठ दिवस पाणी बंद. घरोघर भरून ठेवा." शहर खदाखदा हसलं. तिने कारण, उपाय, जबाबदार सगळं सांगितलं, तशी लोकांची मुरकुंडीच वळली. शेजारीण म्हणाली, "काय बाई सांगते. चेहऱ्यावरची रेघ हलत नाही." एका बादलीतही पाणी पडलं नाही.

"भावजी," वहिनी मला म्हणाली, "पाणी बंद केलं तर लोक तहानेने मरतील. नाही केलं तर टाकीखाली. चला लिलाववाल्याकडे."

तो छत्र्यांच्या ढिगात तोंड पाडून बसला होता. "माझं कोण ऐकणार? हरलेला माणूस मी."

"ऐकतील. तुम्ही आजवर गंभीर झालेला नाहीत."

"मग शेवटी एक कोटी तरी करू द्या. छोटीशी."

"एकही नाही."

त्याला दरदरून घाम फुटला, पण आला. कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "पाणी भरून ठेवा." आणि गप्प बसला. लोक पुढच्या विनोदाची वाट बघत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. विनोद येईना, तशी शहराची पाचावर धारण बसली. हंडे, टोप, फुलदाण्या, गमबूट, जे हाती लागेल ते लोकांनी भरलं. एवढं, की सोमवार उजाडायच्या आत टाकीचा तळ दिसला आणि वहिनी शिडी लावून आत उतरली.

नवव्या दिवशी सकाळी ती सिमेंटने माखून वर आली. व्हॉल्व्हपाशी लिलाववाला उभा होता. आठ दिवसांत त्याचे गाल फुगून लाल झाले होते.

"बाई, आता एक कोटी करू का?"

"नळाला पाणी येऊ दे," वहिनी म्हणाली.

तो तिथेच बादली पालथी घालून बसला.