तस्तातलं पाणी

हरळी उपटून उपटून माझी कंबर गेली, आणि शेवटी माझ्याच मुलाने तीच हरळी टेम्पो भरून विकत आणली. आता तिला लॉन म्हणायचं. नाव बदललं की भाव वाढतो, हे मला या वयात कळलं. मालवणच्या अलीकडे, खाऱ्या वाऱ्यावर आमचं घर. हमझाने पुढच्या खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या, त्यांना लागून नवं न्हाणीघर बांधलं आणि अंगणभर ही हिरवी सतरंजी अंथरली. तिला सावली चालत नाही म्हणून फणसाच्या फांद्याही उतरवल्या. त्या फांद्यांखाली बसून मी मासळी साफ करायचे, ते आता स्वयंपाकघरात करते. पाहुण्यांना वास येतो म्हणे.

मागीलदारी पुदिना आहे. खरं तर होता म्हणायला हवं. माझ्या सासूबाईंनी, जहिराबींनी, तो आरोंद्याहून, माहेरच्या परसातून आणला होता. ओल्या फडक्यात मुळ्या गुंडाळून एसटीने आल्या आणि मागच्या दाराशी जी धोंड आहे तिच्या कडेला त्यांनी तो लावला. त्या गेल्या, पुदिना राहिला. यंदा मात्र उन्हाळा लागला तसा तो रोज थोडा थोडा मरायला लागला, आणि इतकी वर्षं तगलेला तो यंदाच का, ते मला कळेना.

माझे सासरे गुलामभाई, घरातले सगळे त्यांना बाबा म्हणतात, थंडीत पडले आणि खाटेला लागले. त्यांना आता खाण्यात रस नाही, बातम्यांत नाही, मस्कतहून त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन आला तर त्यातही नाही. सकाळी मी चहा घेऊन गेले की एकच चौकशी.

“फुदिनो कसो आसा गो, सुमय्या?”

“बरो आसा, बाबानू.”

मी रोज खोटं बोलते. कट्टा गावच्या बाजारातून पुदिन्याची जुडी आणते, चटणी वाटते आणि घरचीच म्हणून पेजेबरोबर देते. ते बोटाने थोडी चाखतात आणि बशी बाजूला सारतात. त्यांना ओळखू येतं की काय, मी विचारत नाही. पण एक मला पक्कं ठाऊक होतं. जहिराचा पुदिना गेला हे कळलं की या माणसाचं या घरात अडकून राहण्यासारखं काही उरणार नाही.

तेव्हा मी त्या रोपाची चाकरी केली नाही असं नाही. पण चाकरी म्हणजे काय, तर लॉनची करते तशीच. लॉनला सकाळी एकदा पाइप लावून पोट फुटेस्तोवर पाणी दिलं की ती दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड उघडत नाही. ऊन कितीही असो, वरून खत टाका, आठवड्याला केस कापा, बाईसाहेब खूश. तिच्या पाण्यासाठी पंप इतका वेळ चालतो की विहीर तळाला जाते आणि शेवटी पाणी मचूळ येतं. तेही तिला चालतं. पुदिन्याचं सगळं उलटं. त्याला अर्धी सावली हवी, गोडं पाणी हवं आणि तेही एका दमात नको. आमच्या रेताड जमिनीत सकाळी ओतलेलं पाणी दुपारपर्यंत पाताळात जातं, मग संध्याकाळपर्यंत त्याने करायचं काय? लहान पोरासारखं त्याला घडीघडी थोडं थोडं द्यावं लागतं. आणि मला घडीघडी वेळ कुठला? पाहुण्यांच्या चादरी, पाहुण्यांचे घावणे, बाबांचं अंग पुसणं, आणि त्यात दिवसातून पाच वेळा वजू.

नमाजाआधी हात, तोंड, पाय धुवायचे ती वजू. पूर्वी बाबा मागच्या धोंडीवर बसून करायचे. आता खाटेवरच. मी त्यांच्यापुढे पितळी तस्त धरते, तांब्यातून नळाचं गोडं पाणी घालते, ते सावकाश एकेक बोट धुतात. गार पाण्याने त्यांना खोकल्याची उबळ येते, पण कोमट करून दिलं तर नको म्हणतात. डॉक्टरांनी मनाई केली. मौलाना स्वतः घरी येऊन सांगून गेले की आजाऱ्याला पाण्याची सक्ती नाही, स्वच्छ मातीवर हात टेकून तयम्मुम केला तरी नमाज होते. बाबा ऐकून घेतात आणि पुढच्या अजानला पुन्हा हात पुढे करतात.

“बाबानू, कित्या हट्ट करतास? माका पण बरा वाटणा नाय, गुडघे धरलेत माजे,” मी एकदा चिडून म्हटलं.

“थोडा पाणी, सुमय्या. थोडाच,” ते म्हणाले.

म्हातारपणी माणूस हट्टी होतो, अशी मी मनाची समजूत घातली. मग ते जड तस्त उचलून शेजारच्या नव्या न्हाणीघरात ओतायचं. तिथलं पाणी हमझाने पाइप टाकून लॉनला सोडलंय. पाइप टाकला त्या दिवशीच त्याने बाबांना कौतुकाने सांगितलं होतं, “बाबानू, तुमचा पाणी वाया जाणा नाय हां. झाडांकच जाता.” बाबा तेव्हा किती दिवसांनी हसले होते.

परवा दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. मी तस्त धरून बसले होते, बाबांचे पाय धुऊन होत आले होते. इतक्यात हमझा कुदळ घेऊन दारात उभा राहिला. शनिवारी पुण्याचे पाहुणे येणार, त्यांच्यासाठी मागेही खुर्च्या टाकायच्या होत्या.

“अम्मी, मागचो फुदिनो पुरो सुकलो. काढून टाकतंय. थयपर्यंत लॉन नेऊया.”

मी डोळ्यांनी त्याला गप्प बस गप्प बस म्हणत होते. या पोराला खाणाखुणा कधी कळल्या आहेत?

बाबांचा पाय पाण्यातच राहिला. “सुकलो?” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. रागाने नाही. हिशेब चुकलेल्या पोराकडे मास्तर बघतात तसे. “सुकात कसो गो? पाच वेळा पाणी जाता ना तेका?”

मला क्षणभर काही उमजेना. मग हातातलं तस्त इतकं जड झालं की मी ते मांडीवर टेकवलं.

धोंडीवर बसून केलेल्या वजूचं पाणी कुठे जायचं? पुदिन्याच्या मुळाशी. गोडं पाणी, थोडं थोडं, पहाटेच्या फजरपासून रात्रीच्या इशापर्यंत पाच वेळा. सासूबाईंनी ते रोप तिथे उगाच लावलं नव्हतं. हमझाची झाडं म्हणजे पुढची लॉन. बाबांचं झाड एकच होतं. गारठ्यात, खोकत, श्वास लागत हा माणूस महिनोन्महिने हात पुढे करत राहिला, आणि मी ते पाणी नेऊन हरळीला पाजत राहिले. पाण्याबद्दल खोटं कोणीच बोललं नव्हतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला, कारण रडत बसायलाही मला सवड नव्हती.

“बाबानू,” मी म्हटलं, “ता पाणी पुढच्या लॉनीत जाता. माका ठावक नव्हता.”

हमझाने कुदळ हळूच भिंतीला टेकवली.

“मग ऱ्हवांदे,” बाबा म्हणाले. “आता पाणी नको. तयम्मुमच करतंय. तुझे पण गुडघे दुखतत.”

हेच शब्द ऐकायला मी किती दिवस टपून बसले होते. पाच वेळचं वाकणं वाचणार होतं. आणि आता ते कानावर पडले तर मला ते ऐकवेनात.

मी तस्त उचललं. न्हाणीघराचं दार मागे टाकून, माजघरातून, स्वयंपाकघरातून, मागच्या पायऱ्या एकेक करून उतरत ते धोंडीपर्यंत नेलं. वाटेत थोडं सांडलं. काड्या तपकिरी झाल्या होत्या. बुंध्याशी नख लावून बघितलं, आत हिरवं आहे की नाही ते माझ्या डोळ्यांना नीट दिसलं नाही. मी पाणी ओतलं, सगळं एकदम नाही, हळूहळू.

संध्याकाळच्या अजानला बाबांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. उशाशी मातीचं ढेकूळ होतं, त्यांनी हमझाकडून मागून घेतलेलं. मी तांब्या चुलीवर कोमट करून आणला, तस्त खाटेवर ठेवलं आणि ते ढेकूळ उचलून खिडकीत ठेवून दिलं.

“हात करा पुढे.”

ते हलले नाहीत. “खंय ओततलंस?”

“मागीलदारी.”

“लांब पडता तुका.”

“पडांदे,” मी म्हटलं. “पण आधी निवांक देवचा लागतला. कोमट आसा, मुळां पोळतीत.”

बाबांनी हात पुढे केले.