हातमोज्यात उतरलेला प्राण

"मोज्यात जीव आला! जय हो!" भिलाईच्या रुआबांधा वस्तीतल्या मंडपात आरोळी उठली आणि बायाबाप्ये एकमेकांच्या अंगावर चढत पुढे सरकले. ज्यांना दिसत नव्हतं त्यांनी मोबाइल उंच धरले. मी मागे खुर्चीवर उभी होते. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे असल्या गर्दीत माझं डोकं फार लवकर तापतं.

चौरंगावर होता हातमोजा. चामड्याचा, पोलादाच्या प्लांटमध्ये घालायचा, उजव्या हाताचा. तो आमच्या शेजारच्या रामाजीभाऊंचा. त्यांचा उजवा हात मात्र उरला नव्हता. भंडाऱ्याकडे गावी धान मळताना थ्रेशरने तो कोपराखालून नेला. विश्वकर्मा पूजेला इथे जो तो आपलं अवजार पुजतो. सिंधुताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, यंदा हा बिनहाताचा मोजाच पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. ही बातमी स्पर्शानंद महाराजांच्या कानावर गेली आणि गुळाला मुंगळा लागावा तसा हा माणूस त्यांच्या घरी हजर झाला.

आता त्या मोज्यात म्हणे पवित्र कापूस भरला होता. रामाजीभाऊंचा उजवा खांदा आणि कोपरापर्यंत उरलेला हात भगव्या शालीखाली झाकलेला, आणि शालीच्या टोकाशी मोजा असा मांडलेला, की हात तिथूनच बाहेर आला आहे असं वाटावं. महाराज एका हाताने मोज्यावर मोरपीस फिरवत होते. त्यांचा दुसरा हात शालीखाली होता, "प्राण धरून".

"बोल बेटा, कहाँ लगा?"

"बोटाले!" रामाजीभाऊ ढसाढसा रडत होते. "मोज्यातल्या बोटाले लागून राहिलं, महाराज! माही मूठ खुल्ली!"

ते खोटं बोलत नव्हते. गेलेल्या हाताची मूठ आवळून बसलीय असं त्यांना वाटायचं, आणि ती ठणकायची. भिंतीपलीकडून त्यांचं कण्हणं मी कितीदा ऐकलं होतं. माझा जीव तुटायचा.

पण महाराज पुढे जे बोलले, त्याने माझं पित्त खवळलं. "कोंब फुटला है! हाथ उगेगा! पण याले लोखंड लागलं का कोंब जळला समजा. सुई नाही, चाकू नाही, ऑपरेशन नाही!"

भिलाईत बसून लोखंडाची भीती घालतो, मेला! उरलेल्या हाताच्या हाडात पू झाला होता. डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठेवलं होतं, आणि टाळलंत तर विष अंगभर पसरून माणूस हातचा जाईल, असं सिंधुताईंना माझ्यादेखत बजावलं होतं. आणि इथे सिंधुताई मान डोलवत होत्या.

मी गर्दीतून वाट काढत पुढे गेले. "महाराज, शालीखालचा हात काढा बाहेर."

"पाखंडी! प्राण सुटेल!"

"सुटू द्या, मी झेलते." मी शाल ओढली. महाराजांच्या दुसऱ्या हातात दुसरं मोरपीस होतं. मोज्यावरचं पीस जसं फिरे, तसंच हे रामाजीभाऊंच्या उरलेल्या हाताच्या टोकावरून फिरत होतं.

 मग मंडळाचे अध्यक्ष धनंजयराव उठले. प्लांटमधले मोठे अधिकारी. "मॅडम, पीस टोकाला लागलं तर टोकालाच कळेल ना? मोज्यात कसं कळलं? तुमच्या विज्ञानाकडे उत्तर आहे?"

"बसा इथे, दाखवते."

त्यांचा उजवा हात चौरंगावर ठेवला आणि तो त्यांना दिसू नये म्हणून आड मंडपातली महाराजांची तसबीर उभी केली. एवढ्या कामाला तरी ती आली. तसबिरीच्या अलीकडे, त्यांना दिसेल असा मोजा ठेवला आणि बाही शालीने झाकली. एक पीस मोज्यावर, एक त्यांच्या हातावर, दोन्ही एकाच तालात. "नजर मोज्यावर ठेवा."

थोड्या वेळाने साहेबांची शुद्ध भाषेची ऐट गळाली. "अरे बापा! मोज्याले लागून राहिलं!"

मी पूजेतला नारळ उचलला आणि मोज्यावर दाणकन आपटला.

"मेलो व माय!" साहेब ताडकन उठले. मंडप खदखदून हसला.

"कुठे लागलं, साहेब? मोजा रामाजीभाऊंचा, हात तुमचा शाबूत. मग प्राण कोणाचा उतरला?"

त्यांना पुन्हा बसवलं आणि आता मुद्दाम ताल चुकवला. ते म्हणाले, "गेलं. मोज्यात काहीच नाही."

"अविश्वास से शक्ति चली गयी!" महाराज ओरडले, पण तोवर त्यांचे डोळे चपला शोधत होते.

"अहो, कातडी फक्त निरोप धाडते," मी सगळ्यांना सांगितलं. "कुठे लागलं ते मेंदू ठरवतो. डोळ्यांना दिसलेलं आणि कातडीला लागलेलं एकाच वेळी आलं, की तो दिसणाऱ्या हातालाच आपला मानतो. तुमचा, माझा, महाराजांचासुद्धा."

रामाजीभाऊ मोज्याकडे बघत होते. "मंग मले लागलं ते खोटं का, मॅडम?"

"नाही भाऊ. लागलं ते खरंच. हात गेला तरी मेंदूतली त्याची जागा आहे अजून. या माणसाने तिच्याशी खेळ केला."

"हात नाही उगणार?"

 "नाही, भाऊ."

ते बराच वेळ रडले.  मग डाव्या हाताने त्यांनी डोळे पुसले. "चाल सिंधू. दवाखान्याची पिशवी भर."

ऑपरेशन सोमवारीच झालं. जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून सिंधुताईंनी घरीच तो मोजा मांडून ती दोन पिसं हाती घेतली. शाल नाही, मंत्र नाही. वरून फक्त नवऱ्याच्या सदऱ्याची बाही. दर वेळी जमत नाही, पण पुष्कळदा त्यांची मूठ सैल होते आणि घरात झोप येते.

तेव्हा बाबांनो, चमत्कार दिसला तर खुशाल बघा, जवळ जाऊन बघा. नमस्काराची घाई करू नका. आधी एवढंच विचारा: महाराज, तुमचा दुसरा हात कुठे आहे?