उजवीकडे वळायचं, तर डावा पाय

ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या डोंगरातली, बर्फावरून घसरायची, डाव्या पायाची लाकडी स्की आहे मी. आधीच सांगते, माणसांवर माझा चटकन विश्वास बसत नाही. सुताराने मला तासलं, वाफेवर टोक वाकवलं, कडांना पोलादी पट्ट्या ठोकल्या आणि वर म्हणाला, "लाकडाला कुठे दुखतं!" याला कुणी सांगितलं?

पुढे मी नोटबुर्गाबाईंच्या घरी आले. घर गावाच्या पार वर. हिवाळ्यात खाली उतरायचं तर स्कीवरूनच. त्यांच्या मुलाने, विन्झेन्झने, सपाट मुलखातली गेर्लिंडे बायको करून आणली. बाईंना शेजारची मुलगी हवी होती, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यामुळे "चल, तुला वळायला शिकवते," असं त्या सुनेला म्हणाल्या, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

गेर्लिंडेने नवऱ्याला आधीच बजावलं होतं, "घरात कोंडून कंटाळले मी. हे स्कीवरून उतरणं जमलं नाही, तर बर्फ वितळला की मी माहेरी."

बाईंनी मला आणि माझ्या उजव्या जोडीदारणीला तिच्या पायांत बांधलं आणि पहिल्यांदा तिच्या हातातल्या तोल सावरायच्या काठ्याच काढून घेतल्या.

"टाचा फाकव, टोकं जवळ आण. उजवीकडे वळायचंय? मग सगळा भार डाव्या पायावर. दरीकडे झुक."

"दरीकडे? म्हणजे सरळ खालीच जाईन ना!"

"डोंगराला कवटाळलंस तर आपटशील."

गेर्लिंडे घाबरून डोंगराकडेच झुकायची आणि धप्पकन पडायची. बाई हसायच्या. प्रत्येक वेळी उताराच्या तळाशी जाऊन उभ्या राहायच्या.

"मजा बघायला उभी राहते म्हातारी," गेर्लिंडे पुटपुटायची. मलाही तेच वाटायचं.

एका सकाळी बर्फ काचेसारखा कडक झाला होता. आम्ही सुटलो ते काही केल्या थांबेना. समोर बाई.

"आई, बाजूला व्हा!"

"मी नाही हलायची. तू वळ!"

"अहो, आदळेन मी!"

"माझ्यामागे खोल ओढा आहे गं! डावा पाय!"

गेर्लिंडे पहिल्यांदाच दरीकडे झुकली. तिचा सगळा भार माझ्यावर आला, माझी कड बर्फात रुतली आणि बाईंच्या झग्याला घासून आम्ही उजवीकडे वळलो.

बाई मटकन खाली बसल्या. गेर्लिंडेने मागे वळून पाहिलं.

"घाबरलात?"

"मग! तुझा काय भरवसा?"

गेर्लिंडे रडत त्यांच्याशेजारी बसली. "मला वाटायचं, मी निघून गेलेली तुम्हाला हवीय."

"हवंच होतं मला तसं. खोटं कशाला बोलू? पण रोज पडून रोज उठतेस तू. ऊठ आता, भिजशील."

आता बाई नाहीत. मी चुलीवरच्या भिंतीवर टांगलेली असते; पाय बांधायचे माझे कातडी पट्टे वाळून तडकलेत. पाहुणे माझ्याकडे टक लावून बघतात, आणि चूल इतकी जवळ असताना मला त्यांचा संशय येतोच. तुम्ही आलात तर लांबूनच बघा, एवढीच विनंती. एकाने परवा मला खाली काढायला हात घातला.

"तिला हात लावू नका," म्हातारी गेर्लिंडे ओरडली. "ती वळली नसती, तर माझ्या हातून सासू मेली असती."

पाहुणे हसले. ती हसली नाही.