पहिल्या रांगेतली जागा

ऑगस्टात कुवेतला इंग्रज माणूस मुद्दाम येत नाही. इथे राहणारेही त्या महिन्यात पळ काढतात. त्यामुळे लॉर्ड एल्डरविकांची मुलगी ऐन उकाड्यात, आधी काही न कळवता, त्यांच्या दस्मान भागातल्या घराच्या दारात उभी राहिली तेव्हा आफियाने दार अर्धंच उघडलं. का, ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

आफिया मूळची कोकणातल्या म्हसळ्याची. मुंबईत नर्सिंग शिकली आणि लग्न होऊन कुवेतला आली. नवरा तौफीक शुवैखला गाड्यांच्या एसीची कामं करायचा, मुलगी जवेरिया हवल्लीतल्या शाळेत होती. घरी रुग्णसेवा देणाऱ्या एका कंपनीतर्फे आफिया गेली काही वर्षं लॉर्डसाहेबांकडे दिवसाच्या ड्यूटीला होती. ऐंशी उलटलेला, गुडघ्यांनी दगा दिलेला, पण डोक्याने लख्ख असा हा म्हातारा तिला पहिल्या दिवसापासून आवडला होता.

त्यांची आई इंग्लंडच्या राजाची सख्खी चुलत बहीण. लहानपणी राजवाड्याच्या बागेत ते राजपुत्रांबरोबर खेळले होते. भिंतीवर एक फोटो होता: तट्टावर बसलेली राजकन्या आणि लगाम धरून उभा असलेला, शेंडा वर वळलेल्या नाकाचा पोरगा, म्हणजे लॉर्डसाहेब. त्या दिवसांच्या गोष्टी ते मोठेपणा न मिरवता सांगायचे. कुठला राजपुत्र चावायचा, कुणाला अंधाराची भीती होती. तरुणपणी सैन्यातून कुवेतला आले असताना इथल्या एका व्यापाऱ्याशी त्यांची जन्माची दोस्ती जडली. बायको गेल्यावर त्या मित्राने त्यांना समुद्रासमोरच्या आपल्या घराचा अख्खा पहिला मजला देऊन टाकला. मित्रही पुढे वारला, पण त्याचा मुलगा अब्बास बापाच्या दोस्ताला बापासारखाच सांभाळत होता.

सगळं सुखाचं चाललं होतं ते विनीचं कळेपर्यंत.

विनी ही लॉर्डसाहेबांची धाकटी बहीण. बुद्धीने मंद होती, बोलायला उशिरा लागली. ते दहा वर्षांचे असताना एकदा बोर्डिंग स्कूलमधून सुटीला घरी गेले, तर विनीचा पलंग उचललेला होता. ती तापाने गेली, असं आईने सांगितलं. घराण्याच्या वंशावळीतही तिच्या नावापुढे मृत्यूचं साल छापलं गेलं. आणि गेल्या नाताळात, कुवेतमधल्या इंग्रजांच्या मेळाव्यात, इंजिनिअर मुलाकडे पाहुणी आलेली एक म्हातारी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. ती इंग्लंडमधल्या मतिमंदांच्या एका आश्रमात आयुष्यभर आया म्हणून राबलेली. ती म्हणाली, अगदी तुमच्यासारखं नाक असलेली एक बाई आमच्याकडे आहे. विनी नाव. लहानपणी आणून ठेवली, तेव्हापासून तिला भेटायला कुणी आलं नाही.

लॉर्डसाहेब त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आफियाला शेजारी बसवून सगळं सांगितलं. राजघराण्याशी सोयरीक असलेल्या कुटुंबात अशी पोर दिसणं बरं नव्हतं, म्हणून ती नाहीशी करण्यात आली.

आफियाला यातलं काही उमगेना. तिची नणंद हफिजा तशीच होती. म्हसळ्याला ओटीवर बसून दिवसभर वाटाणे सोलायची, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची, लग्नाकार्यात सगळ्यांच्या आधी नटून बसायची. आफियाने ते सांगितलं तेव्हा लॉर्डसाहेबांनी विचारलं, "म्हणजे तिला घरातच ठेवलीय?"

"मग कुठे ठेवणार, सर?"

त्यांनी हफिजाचं नाव पुन्हा विचारून घेतलं.

त्यांच्या नातीचं, मुलीच्या मुलीचं, लग्न ऑक्टोबरात होतं, तेही राजघराण्यातल्या एका राजपुत्राशी. अख्खं जग टीव्हीवर बघणार होतं. लॉर्डसाहेबांनी एका संध्याकाळी मुलीला फोन करून सांगितलं की मी लग्नाला येईन, आणि विनीला घेऊन येईन. चर्चमध्ये पहिल्या रांगेत ती माझ्या शेजारी बसेल. पलीकडून काय उत्तर आलं ते आफियाने ऐकलं नाही. लॉर्डसाहेब मात्र फोन ठेवून हसले आणि म्हणाले, "घाबरली."

त्याच आठवड्यात मुलगी येऊन उभी राहिली.

लेडी ऑगस्टा पन्नाशीची, सडसडीत, हळू बोलणारी बाई. आल्या आल्या तिने आफियाचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. तिच्याबरोबर डॉक्टर प्राइस म्हणून एक गृहस्थ होता. तो कायम टाय लावून असायचा आणि पाहुण्यांच्या खोलीत झोपायचा. घरात कुणी आवाज चढवला नाही. पण आफिया रोज सकाळी ड्यूटीवर आली की काहीतरी बदललेलं असायचं. आधी लॉर्डसाहेबांचा फोन दिसेनासा झाला. त्यांना विश्रांती हवी, असं तिला सांगण्यात आलं. मग भिंतीवरचे फोटो उतरवून खोक्यात भरले गेले. मग औषधं बदलली. नव्या गोळ्यांनी ते दुपारपर्यंत ग्लानीत राहू लागले, चमचा तोंडापर्यंत जाईना. आफियाने डॉक्टरला विचारलं. त्याने न चिडता समजावून सांगितलं की या वयात भ्रम होतात, मेलेली माणसं जिवंत वाटतात, आणि त्याचा पेशंटलाच फार त्रास होतो. तो इतक्या सरळपणे बोलला की घरी जाताना बसमध्ये आफियालाच वाटू लागलं, खरंच भ्रम असेल का? नाताळात भेटलेल्या त्या म्हातारीला तिने कुठे पाहिलं होतं?

पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना. लेडी ऑगस्टा बापाच्या समोर बसून, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून, आफियाला सांगायची: पपांना समुद्र फार आवडायचा. पपा फार सुंदर घोडा चालवायचे. पपांचा स्वभाव फार प्रेमळ होता. लॉर्डसाहेब समोर जिवंत बसून ऐकत असायचे. एकदा त्यांची आणि आफियाची नजरानजर झाली आणि आफियाने पटकन पाण्याचा जग उचलला.

तौफीकला तिने सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, मोठ्या लोकांचं मोठं असतं, तू त्यात पडू नको. इथे राहायचा आपला अकामा कंपनीच्या हातात आहे. त्याचंही खोटं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी अब्बासने पाहुण्यांना जेवायला बोलावलं. लेडी ऑगस्टा आणि डॉक्टर खालच्या मजल्यावर गेले. बाहेर धुळीने आभाळ पिवळं पडलं होतं, समुद्र दिसतच नव्हता. लॉर्डसाहेबांनी सकाळची गोळी जिभेखाली धरून नंतर रुमालात थुंकली होती. आफियाने पाहिलं होतं आणि ती गप्प राहिली होती. जिना रिकामा झाला तसा त्यांनी तिचा हात धरला. हाताला जोर होता.

"सिस्टर, मला तिचा आवाज ऐकायचाय. एकदाच."

आश्रमाचा नंबर त्यांना पाठ होता; म्हातारीने दिला होता, पण फोन करायचा धीर त्यांना आजवर झाला नव्हता. आफियाने स्वतःच्या फोनवरून लावला आणि स्पीकर चालू करून त्यांच्यासमोर धरला. कुणीतरी उचलला, बरीच वाट पाहायला लावली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि एक घोगरा, म्हातारा, तरी लहान मुलीसारखा आवाज म्हणाला, "कोण आहे?"

लॉर्डसाहेबांनी आपलं लहानपणचं नाव सांगितलं, जे आफियाने आजवर ऐकलं नव्हतं. "मी रॅन."

मग विनी म्हणाली, "शाळा सुटली का?"

"सुटली, विनी."

"मग ये ना."

ते येतो म्हणाले. पुन्हा येतो म्हणाले. तिने आज पुडिंग होतं, एका मांजराला पिल्लं झाली असं काय काय सांगितलं, आणि ते डोळे मिटून ऐकत राहिले. आफियाने गालावरचं पाणी पुसलं आणि मान वळवली, तर दारात लेडी ऑगस्टा उभी होती. किती वेळची उभी होती कोण जाणे.

ती पुढे आली, आफियाच्या हातातून फोन अलगद घेतला, बंद केला आणि तितक्याच अलगद परत दिला. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नव्हता.

"तुमची मुलगी हवल्लीच्या शाळेत आहे ना?" तिने विचारलं. "जवेरिया. फार गोड नाव आहे."

आफियाने मुलीचं नाव या घरात कधी काढलं नव्हतं.

संध्याकाळी कंपनीतून फोन आला. उद्यापासून दस्मानला जायचं नाही, दुसरी ड्यूटी कळवू. लेडी ऑगस्टाने जवेरियाचं नाव घेतलं हे आफियाने तौफीकला सांगितलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. मग हात धुऊन उठला आणि गाडीची किल्ली घेतली. तू यात पडू नको म्हणणारा तोच माणूस तिला अब्बासकडे घेऊन गेला.

अब्बासने दोघांना दिवाणियात, घरच्या बैठकीत, बसवलं, चहा दिला, सगळं शेवटपर्यंत ऐकलं. त्याचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला की लेडी ऑगस्टाने त्याला इंग्लंडच्या कोर्टाचा हुकूम दाखवलाय. लॉर्डसाहेबांना स्वतःचं भलं कळत नाही, आता निर्णय मुलीने घ्यायचे.

"तो माझ्या बापाचा भाऊ होता," अब्बास म्हणाला. "पण मुलीच्या हातातून बापाला मी कसा ओढून घेऊ?"

तरी सकाळी वर जाऊन त्यांच्याशी एकट्याने बोलेन, असा शब्द त्याने दिला. तो शब्दाला जागला. सकाळी तो वर गेला तेव्हा पहिला मजला रिकामा होता. पलंगावर चादरसुद्धा नव्हती. आजाऱ्यांना नेणाऱ्या खास विमानाने ते पहाटेच निघून गेले होते. नोकरांना प्रत्येकी खजुराचा एक डबा भेट ठेवला होता.

आफियाला कंपनीने सालमियातल्या एका म्हातारीकडे पाठवलं. काम बरं होतं. पण जवेरियाला शाळेत सोडायला तौफीक आता स्वतः जायचा.

ऑक्टोबरात ते लग्न टीव्हीवर लागलं. दुपारची वेळ, तिघं जेवून बसले होते. घोडे, बग्ग्या, गर्दी, मग चर्च. कॅमेरा पहिल्या रांगेवरून फिरला आणि आफिया सोफ्यावरून उठून टीव्हीजवळ गेली. लॉर्डसाहेब चाकाच्या खुर्चीत होते. अंगावर पदकांचा कोट, केस नीट विंचरलेले. तोंड किंचित उघडं. मागे टाय लावलेला डॉक्टर प्राइस, शेजारी मोठ्या हॅटमधली लेडी ऑगस्टा. निवेदक कौतुकाने सांगत होता की आजोबांनी प्रकृती बरी नसतानाही हजेरी लावली. नात त्यांच्या पाया पडल्यासारखी वाकून गालाचं चुंबन घेऊन गेली, तरी त्यांची नजर हलली नाही. ती नजर आफियाने वॉर्डात पुष्कळदा पाहिली होती. माणूस त्या डोळ्यांच्या मागे उरलेला नव्हता.

"मम्मा, इज ही ओके?" जवेरियाने विचारलं.

आफियाने फोन घेतला. त्या शुक्रवारी लावलेला आश्रमाचा नंबर अजून त्यात होता. तो लावून तिने फोन जवेरियाकडे दिला आणि विनीबद्दल विचारायला सांगितलं. पोरीचं इंग्रजी तिच्याहून चांगलं. जवेरियाने छान, अदबीने विचारलं. ऐकलं. मग फोनवर हात ठेवून आईकडे पाहिलं.

"शी सेज, या नावाचं इथे कधी कुणी नव्हतंच."

तौफीकने टीव्ही बंद केला. त्याने बायकोकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. त्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती भीती आफियालाही वाटत होती. तरी तिने मुलीच्या हातातून फोन घेतला.

"मी तिचा आवाज ऐकलाय," ती आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "ती तिच्या भावाशी बोलली, तेव्हा मी तिथे होते. तुमच्याकडे मांजराला पिल्लं झाली होती. माझं नाव आफिया. ती कुठे आहे ते कळेपर्यंत मी रोज फोन करणार आहे."

फोन कट झाला नाही. पलीकडच्या बाईने तो बहुधा हाताने झाकला असावा, कारण एका पुरुषाशी कुजबुजल्याचा आवाज दबून येत होता. मग बाई परत आली. आता तिचा आवाज फार गोड झाला होता.

"तुमचं पूर्ण नाव सांगाल का, मॅडम? आणि तुम्ही बोलताय कुठून?"

आफियाने जवेरियाला जवळ ओढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपलं पूर्ण नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.