टाकीत बुडवायची काठी

मॉरिसच्या डॅशबोर्डवरचा पेट्रोलचा काटा सासरे हयात असतानाच मेला होता. तेव्हापासून टाकीत वेताची काठी बुडवायची आणि ती कुठवर ओली झाली ते बघायचं, ही त्या घरची रीत. काठीवर पूर्वी एकही खूण नव्हती. 'अर्धी आहे', 'पाव आहे' एवढ्यावर भागायचं. नुरजहाँ सून होऊन महाडला आली ती बी.ए. झालेली आणि बारीक नजरेची. तिने टाकी रिकामी करवली, एकेक लिटर ओतत काठीवर चाकूने खाचा पाडल्या. ड्रायव्हर हैबती शेजारी उभा राहून बघत होता.

"भाभी, आता म्हातारीला चोरून एक घोट बी पिता येनार नाय," मॉरिसच्या टपावर थाप मारत तो म्हणाला होता.

नवरा लतीफ कुवेतला. घर चालवायचे मोठे दीर रऊफभाई. त्यांचे दोन ट्रक होते. ऐंशी साली पेट्रोल पुन्हा चढलं तेव्हा त्यांनी जेवता जेवता विषय काढला.

"लतीफ तिकडे पेट्रोलात हात धुतो, आणि इकडे ही सव्वीस वर्षांची म्हातारी माझं रक्त पिते. विकून टाकतो."

नुरजहाँच्या हातातला घास तसाच राहिला. चार वर्षांच्या नाझीला दम्याचा त्रास. महिन्याला एकदा वाईच्या डॉक्टरांकडे न्यावं लागे. एकदा एस.टी.ने निघाल्या होत्या, तर गाडी घाटात बंद पडली. दुसरी येईपर्यंत दोन तास गेले आणि त्या दोन तासांत पोरीचे ओठ निळे पडलेले तिने पाहिले होते. त्यानंतर एस.टी.चा लाल रंग दिसला तरी ती पोरीला जवळ ओढून घेई.

"भाई, नीट चालवली तर लिटरला दहा किलोमीटर देते ती," ती म्हणाली.

"मग देऊ दे. वाईची जाऊन-येऊन एकशे ऐंशीची फेरी अठरा खाचांत करून दाखव. गाडी ठेवतो."

पुढची फेरी जानेवारीत झाली. जाताना आंबेनळी घाट चढून म्हातारीची छाती भरली, दोनदा थांबवून पाणी घालावं लागलं. येताना पुन्हा पसरणीचा चढ. महाबळेश्वरच्या बाजारात सपाट जागा बघून हैबतीने काठी बुडवली आणि नुरजहाँने खाचा मोजल्या. पंधरा संपल्या होत्या. महाड अजून पावणेदोनशे वळणं लांब होतं.

"दादा, पोलादपूरपर्यंत सगळा उतारच ना? मग इंजिन बंद करा."

"नाय भाभी. उतारावर गाडी गेरात ठेवायची असते. इंजिनच धरतं तिला."

"मासिकात आलंय. उतारावर बंद केलं की पेट्रोल वाचतं. शिकलेल्या माणसाने लिहिलंय."

"लिवनारा सपाटीवरचा असंल."

तिला हसू आलं, पण ती हसली नाही. प्रतापगडाचा फाटा मागे पडला तेव्हा तिने पुन्हा सांगितलं. हैबती पुन्हा नाही म्हणाला. मग तिने ते वाक्य उच्चारलं, जे पुढे कितीतरी दिवस तिच्या कानात वाजत राहिलं. "गाडी घरची आहे, दादा. तुमची नाही."

हैबतीने गिअर काढला आणि किल्ली फिरवली.

आधी फार छान वाटलं. इंजिनाची घरघर थांबली आणि वारा ऐकू यायला लागला. मागच्या सीटवर तिच्या मांडीवर डोकं ठेवून नाझी झोपली होती, तिचा श्वास मोकळा होता. नुरजहाँ मनात हिशेब करत होती, अठराच्या आत, नक्की आत. आठ-दहा वळणांनी जळका वास आला. तिला वाटलं, कुणीतरी रानात काही पेटवलंय. हैबतीचा पाय ब्रेकवर एकदा पडला, दोनदा पडला, मग खटखट पडतच राहिला.

"भाभी, पोरीला धरा."

त्याने हँडब्रेक ओढला. मग गिअर घालायला गेला, पण गिअर करकरून निसटला. पुढे दरीकडचं वळण दिसत होतं. हैबतीने दोन्ही हातांनी स्टिअरिंग डोंगराकडे लोटलं, गाडी कड्याला घासत घासत गटारात घुसली आणि थांबली.

नाझीच्या कपाळाला खोक पडली. हैबतीचं मनगट स्टिअरिंगमध्ये मुरगळलं. मागून येणाऱ्या ट्रकने मॉरिसला ओढत पोलादपूरला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी नाझीला तीन टाके घातले, आणि तोच ट्रक गाडीला महाडपर्यंत घेऊन आला.

रऊफभाईंनी ब्रेकचे जळलेले पट्टे पाहिले आणि त्यांना सगळं कळलं.

"उतारावर इंजिन बंद केलंस? अरे, कालचं पोरही करत नाही असं! गाडीत आमची मुलगी होती!"

हैबती खाली मान घालून उभा होता. "चुकलं, शेठ."

"महाडात तुला कोण स्टिअरिंग देतो, बघतोच मी."

नुरजहाँ दारात उभी होती, नाझी कडेवर. हैबती आता आपल्याकडे बघेल, असं तिला वाटलं. त्याने बघितलं असतं तर ती बोललीही असती. तो न बघताच निघून गेला.

मग रऊफभाईंनी काठी बुडवली. सतराच खाचा गेल्या होत्या; ट्रकने ओढलेली वाट त्यांनी हिशेबात धरलीच नाही. "गाडी बरी आहे म्हणायची," ते म्हणाले. "माणूस गाढव होता. पत्रा ठोकून घेऊ, ब्रेक नवे टाकू. तुझी वाई चालू राहील."

म्हणजे ती जिंकली होती.

त्या रात्रीपासून तिला अन्न गोड लागेना. ओलं फडकं नाझीच्या टाक्यांवर ठेवताना ती स्वतःला समजावी, बोललीस तर गाडी जाईल, गाडी गेली तर पोरीचं काय? हे खोटंही नव्हतं.

आठव्या दिवशी हैबतीची बायको तुळसा आली. पदरात अडुळशाचा पाला बांधलेला.

"पोरीच्या खोकल्याला. ह्यांनी धाडलाय. कपाळ कसं हाय तिचं?"

"बरं आहे. दादा काय करतात?"

"नाते गावच्या वीटभट्टीवर जातात. मनगट सुजलंय, पन एका हातानं इटा उचलतात. गाडी कोन देतंय आता?"

नुरजहाँने विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलले?"

"तुमच्याबद्दल काय बोलनार? म्हनले, भाभी लय भ्याली व्हती, तिला बघून ये."

तुळसा गेली. नुरजहाँने पाला स्वयंपाकघरात ठेवला, गाडीतून काठी काढली आणि थेट ओसरीवर गेली. रऊफभाई बशीत चहा ओतत होते. तिने काठी त्यांच्यापुढे ठेवली.

"भाई, इंजिन बंद करायला मी सांगितलं होतं."

"आणि त्याने केलं? मग तो आणखीच गाढव."

"दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा मी त्याला म्हटलं, गाडी तुमची नाही. मला अठराच्या आत यायचं होतं."

रऊफभाईंनी बशी खाली ठेवली.

"नाझी मागच्या सीटवर होती."

"हो."

"आणि आठ दिवस तू गप्प होतीस."

"हो," ती पुन्हा म्हणाली.

"हैबतीला निरोप दे," ते उठत म्हणाले. "हात बरा झाला की ट्रकवर येऊ दे. मॉरिसला माणगावचं गिऱ्हाईक आहे. ती मी देऊन टाकणार." ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात ती नाझीला घेऊन एस.टी.ने वाईला गेली. येताना घाट उतरेस्तोवर ती इंजिनाचा आवाज ऐकत होती. प्रत्येक वळणाआधी ड्रायव्हर गिअर खाली घेई, गाडी गुरगुरे, आणि नाझी कानावर हात ठेवून म्हणे, "अम्मी, किती ओरडते ही!"

"ओरडू दे," ती म्हणे.

पोलादपूरच्या स्टँडसमोर रऊफभाईंचा ट्रक उभा होता. हैबती एस.टी.च्या खिडकीपाशी आला आणि त्याने नाझीच्या हातात दोन केळी दिली. तिच्या कपाळावरचा व्रण त्याने वाकून पाहिला. नुरजहाँने महिनाभर जुळवून ठेवलेलं एक वाक्य होतं. माफ करा, असं त्यात होतं, आणि आणखी बरंच. कंडक्टरने घंटी मारली.

"हात कसा आहे?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

हैबतीने डावा हात वर केला. मनगट अजून जाडच होतं. हवेतच गिअर टाकावा तसा त्याने तो सावकाश पुढे लोटला आणि मागे ओढला.

"गेर पडतो," तो म्हणाला.